१९२.१६८ वर चालतं, १०.२० वर अडतं: सी प्रोग्रॅममधून इंटरफेसला पत्ता बसवताना

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीपाशी अडकलोय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे मधे पुन्हा विचारावं लागणार नाही.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दूध संकलन केंद्रावर बल्क कूलर असतो. त्यातल्या दुधाचं तापमान दर मिनिटाला नोंदवून दूध संघाच्या सर्व्हरकडे पाठवणारी पेटी आम्ही बनवतो. आत एआरएम बोर्ड, बिल्डरूटने बांधलेलं लिनक्स आणि बिझीबॉक्स. नेटवर्क मॅनेजर वगैरे काही नाही. बोर्ड सुरू झाला की आमचाच सी प्रोग्रॅम ईईप्रॉममधून (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतून) पत्ता, मास्क (पत्त्याचे किती बिट जाळ्याचे ते सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेरच्या जाळ्याकडे नेणारा राउटर) वाचतो आणि ईथ० ला, म्हणजे पेटीच्या इथरनेट इंटरफेसला, बसवतो.

कारखान्यात टेबलावर पत्ता असतो १९२.१६८.१.५०. तिथे पेट्या महिना-महिना सुरळीत चालल्या आहेत. केंद्रावर गेलं की पत्ता १०.२०.३०.४०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १०.२०.३०.१ आणि संघाचा सर्व्हर १०.२०.५.१०.

आता दुखणं. केंद्रावरची लाइट गेली आणि परत आली की पेटी गेटवेला पिंग करते, पण सर्व्हरला पोचत नाही. कनेक्ट करताना एरर ११३, म्हणजे होस्टपर्यंत वाट नाही. आमचा माणूस जातो, सिरियल केबल लावतो, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करतो आणि सगळं चालायला लागतं! पुढची लाइट जाईपर्यंत. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. माणूस मोटारसायकलवर सत्तर किलोमीटर जातो, दोन मिनिटांत काम करतो आणि परत येतो.

शिवाय तेरा केंद्रांपैकी चार ठिकाणी हा त्रास एकदाही झालेला नाही. बिघडलेल्या केंद्रावरची पेटी तिथे नेऊन लावली तर तीही व्यवस्थित चालते.

कोड कंपनीचा असल्यामुळे इथे चिकटवता येणार नाही, क्रम सांगतो. यूडीपी सॉकेट उघडतो. आयएफरेक स्ट्रक्ट (इंटरफेसबद्दलची विनंती यात भरून द्यायची) मेमसेटने शून्य करतो, त्यात इंटरफेसचं नाव भरतो. मग आयऑक्टल या सिस्टम कॉलने आधी मास्क, मग पत्ता, मग फ्लॅग वाचून त्यात 'अप'चा बिट घालून परत लिहितो, आणि शेवटी डीफॉल्ट रूट, म्हणजे जाळ्याबाहेरच्या पाकिटांची वाट. मास्क आधी ठेवला, कारण पत्ता बसायच्या वेळी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) मास्क ठाऊक असावा असं मला वाटलं.

रीडिंगमध्ये खंड पडला की संघ केंद्रचालकाला जाब विचारतो. त्या माणसाची काही चूक नसते. म्हणून जीव टाकून विचारतोय.

---

सातारी

केंद्रावरचा स्विच बघा आधी. मॅनेज्ड स्विच असेल आणि स्पॅनिंग ट्री (जाळ्यात पाकिटं गोल फिरू नयेत म्हणून असलेली सोय) चालू असेल तर पोर्ट उघडायला तीस सेकंद जातात, पंधरा ऐकण्यात आणि पंधरा शिकण्यात. लाइट आल्यावर पेटी आणि स्विच एकदमच उठतात. तुमचा प्रोग्रॅम त्याआधी कनेक्ट करून मोकळा होत असेल. आमच्याकडे सीसीटीव्हीच्या एका कामात अगदी असंच झालं होतं.

---

पंचगंगाकाठ

सातारी, आमचाही पहिला संशय तोच होता. पण प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. एका केंद्रावर मी स्वतः दीड तास बसून राहिलो. गेटवेला पिंग पहिल्या मिनिटापासून जात होतं, सर्व्हरला शेवटपर्यंत नाही. दोन स्विच बदलूनही पाहिले.

---

जुनी_तार

स्विच नाही. तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून मला अंदाज आला आहे, पण खात्री करून मगच बोलतो. पुढच्या वेळी लाइट गेल्यावर, प्रोग्रॅम पुन्हा चालू न करता, प्रॉक फाइलसिस्टममधली नेट/रूट ही फाइल कॅट करून दोन्ही ओळी इथे लिहा. मास्कचा रकाना नीट पाहून घ्या.

आणि एक सांगा, मास्क बसवणाऱ्या आयऑक्टलची रिटर्न व्हॅल्यू तुम्ही तपासता का?

---

पंचगंगाकाठ

तार सर, केंद्रावर आज मुद्दाम मेन स्विच पाडून चालू केला. दोन ओळी अशा:

पहिली, डीफॉल्ट रूट. ठिकाण सगळी शून्यं, गेटवे ०११ई१४०ए, मास्क सगळी शून्यं.
दुसरी: ठिकाण ०००००००ए, गेटवे शून्य, मास्क ००००००एफएफ.

रिटर्न व्हॅल्यू तपासत नव्हतो. खरं सांगतो, पत्ता बसलेला दिसतोय म्हणजे मास्कही बसला असणार असं धरून चाललो होतो. आता परर (एररचा मजकूर छापणारं फंक्शन) घालून पाहिलं तर मास्कच्या आयऑक्टलला एरर ९९ येतोय, 'मागितलेला पत्ता देता येत नाही'. मी तर तिथे पत्ता मागतच नाहीये, मास्क देतोय. हे काय आहे?

---

जुनी_तार

तुमचं दुखणं सगळं या दोन ओळींत आहे. एकेक बघू.

ती फाइल पत्ते हेक्समध्ये दाखवते आणि तुमच्या एआरएमवर बाइट उलट्या क्रमाने दिसतात. ०११ई१४०ए मागून दोन-दोन अक्षरांनी वाचा: ०ए, १४, १ई, ०१. म्हणजे १०, २०, ३०, १. गेटवे बरोबर आहे. आता दुसरी ओळ तशीच वाचा: ठिकाण १०.०.०.०, मास्क २५५.०.०.०. तुम्ही २५५.२५५.२५५.०, म्हणजे २४ बिटांचा मास्क मागितला होता, बसलाय ८ बिटांचा.

म्हणजे पेटीच्या समजुतीप्रमाणे १० ने सुरू होणारा जगातला प्रत्येक पत्ता आपल्याच वायरवर आहे. सर्व्हर १०.२०.५.१० आहे, म्हणून ती पाकीट गेटवेकडे देतच नाही. थेट वायरवर एआरपीची (आयपी पत्त्यावरून कार्डाचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता शोधायची) हाळी देते, 'हा पत्ता कोणाचा?' सर्व्हर राउटरच्या पलीकडे, त्याला ती हाळी ऐकूच जात नाही. तीन हाका, एकेका सेकंदाने, मग कर्नल ११३ देऊन मोकळा. गेटवे मात्र खरोखर त्याच वायरवर आहे, म्हणून त्याला पिंग जातं.

आता ८ आले कुठून? तुम्ही कुठेच दिले नाहीत. ते कर्नलने दिले.

आयऑक्टलची पत्ता बसवणारी विनंती, क्रमांक हेक्स ८९१६, फक्त पत्ता घेते. मास्कला तिच्यात जागाच नाही. पत्ता बसायचा तर कर्नलला काहीतरी मास्क हवा, म्हणून तो पत्त्याचा पहिला आकडा बघून जुना वर्ग ठरवतो. १० असेल तर अ वर्ग, ८ बिट. १७२ असेल तर ब वर्ग, १६ बिट. १९२ असेल तर क वर्ग, २४ बिट. ही वर्गांची पद्धत १९८१ सालच्या आयपीच्या मूळ व्याख्येतली. सप्टेंबर १९९३ मध्ये सीआयडीआर (मास्कचे बिट वर्गाशिवाय ठरवायची पद्धत) आलं आणि इंटरनेटच्या रूटिंगमधून वर्ग गेले. पण आयएफकॉन्फिग ही इंटरफेसला पत्ता बसवायची जुनी कमांड १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर आली आणि ही आयऑक्टलं त्याच घराण्यातली. लिनक्सने जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ते वागणं आजवर जपलं आहे.

आता कळलं ना टेबलावर का चालतं? १९२.१६८ क वर्गात पडतो. कर्नलने आपण होऊन दिलेले २४ आणि तुम्हाला हवे असलेले २४ एकच. तुमचा मास्क टेबलावरसुद्धा कधीच बसला नव्हता, तिथे तो योगायोगाने बरोबर होता.

एरर ९९ चं असं. मास्क ही इंटरफेसची मालमत्ता नाही, ती इंटरफेसवरच्या पत्त्याची मालमत्ता आहे. मास्क बसवायची विनंती आली की कर्नल शोधतो, या नावावर आधीचा पत्ता कुठला आहे. बोर्ड नुकताच उठलाय, पत्ता अजून नाही. मग मास्क चिकटवायचा कशाला? म्हणून 'पत्ता उपलब्ध नाही'.

---

पंचगंगाकाठ

सर, अंगावर काटा आला वाचून. पण मग प्रोग्रॅम दुसऱ्यांदा चालवला की बरोबर कसं होतं? तेव्हाही आधी मास्क, मग पत्ता हाच क्रम असतो. दुसऱ्या वेळी पत्ता बसवताना कर्नलने पुन्हा ८ बिट करायला हवेत.

---

जुनी_तार

हा प्रश्न तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं.

दुसऱ्या वेळी मास्कची विनंती येते तेव्हा पत्ता आधीच बसलेला असतो, ८ बिटांसकट. आता मास्क चिकटवायला जागा आहे, ८ चे २४ होतात. मग पत्त्याची विनंती येते. कर्नल बघतो, मागितलेला पत्ता आणि बसलेला पत्ता तोच आहे का? तोच आहे. मग काहीही न करता 'झालं' म्हणून परत जातो. २४ बिट तसेच राहतात. पत्ता वेगळा असता तर जुना काढून नवा बसवला असता आणि वर्ग पाहून पुन्हा ८ केले असते.

म्हणजे तुमचा चुकीचा क्रम दोनदा चालवला की बरोबर उत्तर देतो. अशी चूक सापडायला तीन आठवडे लागले यात कमीपणा मानू नका.

चार केंद्रांचं कोडं राहिलं. तिथल्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू आहे का पाहा. चालू असेल तर पेटीने सर्व्हरसाठी दिलेल्या हाळीला राउटर स्वतःचा मॅक पत्ता देतो, 'माझ्याकडे दे, मी पोचवतो.' पाकीट पोचतं आणि चूक झाकली जाते. बऱ्याच सिस्को राउटरवर ते मुळातच चालू असतं.

---

नवशिका२२

मी तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. एवढं सगळं करण्यापेक्षा सी मधून सिस्टम फंक्शनने 'आयपी ॲड्रेस ॲड' ही कमांडच का चालवू नये? त्यात पत्त्यापुढे तिरकी रेघ मारून २४ लिहिता येतं, दोन्ही एकदम.

---

अबोली

नवशिका, अजिबात बाळबोध नाही. बोर्डावर शेल आहे, पत्ता सुरुवातीला एकदाच बसवायचा आहे, तर ती कमांड बूट स्क्रिप्टमध्ये टाकणं हाच शहाणपणा. माझ्या दोन प्रॉडक्टमध्ये मी तेच केलंय.

प्रोग्रॅमने स्वतः करायची वेळ कधी येते? पत्ता वापरकर्त्याकडून येत असेल तर तो शेलच्या ओळीत घुसडणं धोक्याचं. पत्त्याच्या जागी कोणी अर्धविराम टाकून भलतीच कमांड लिहिली तर ती रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालेल. शिवाय कमांड अपयशी झाली तर हातात फक्त एक निर्गम कोड येतो, 'पत्ता आधीच आहे' आणि 'इंटरफेसच नाही' यातला फरक कळायला मजकूर वाचत बसावा लागतो.

बाकी पंचगंगाकाठ, याच आयएफरेकने मला वेर्ण्याच्या आमच्या ऑफिसात दोन दिवस रडवलं होतं, वेगळ्या कारणाने. तुम्ही क्रम बदलणार आहात तर हे आधीच सांगते, नाहीतर त्याच खड्ड्यात पडाल.

त्या स्ट्रक्टमध्ये नाव झालं की पुढचा भाग युनियन आहे. पत्ता, मास्क, ब्रॉडकास्ट, फ्लॅग सगळे एकाच जागेवर बसतात. मी आधी फ्लॅग वाचले आणि मग त्याच व्हेरिएबलमध्ये पत्त्याचे चार बाइट भरून बसवायला गेले. कुटुंब, म्हणजे एएफ आयनेट (आयपी४ ची खूण, आकडा २), मी अगदी सुरुवातीला एकदाच लिहिलं होतं. एरर २२, 'अवैध आर्ग्युमेंट'. कोड पुन्हा पुन्हा वाचला, सगळं जागच्या जागी दिसत होतं.

शेवटी एसट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टम कॉल दाखवणारं साधन) लावला. कुटुंबाच्या जागी २ ऐवजी हेक्स १०४३ दिसलं. हा आकडा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. दशमानात केला तर ४१६३. आयएफकॉन्फिग चालवलं की पहिल्याच ओळीत 'फ्लॅग्स = ४१६३, अप, ब्रॉडकास्ट, रनिंग, मल्टिकास्ट' दिसतं ना, तोच! कर्नलने फ्लॅगचे दोन बाइट नेमके कुटुंबाच्या दोन बाइटांवर लिहिले होते. मग मीच त्याला सांगत होते की ४१६३ नंबरच्या कुटुंबातला पत्ता बसव.

तेव्हापासून प्रत्येक विनंतीसाठी मी नवं, शून्य केलेलं आयएफरेक घेते. चाळीस बाइटांची गोष्ट आहे, वाचवून काय करायचं?

आणि नावाची लांबी. जागा १६ बाइटांची, शेवटचा शून्यासाठी. यूएसबी-इथरनेट लावलं की बऱ्याच डिस्ट्रोत त्याचं नाव 'ईएनएक्स' ची तीन अक्षरं आणि पुढे मॅक पत्त्याची बारा, असं बरोबर पंधरा अक्षरी होतं. कोणी काळजीपोटी बफर पंधराचा ठेवला तर शेवटचं अक्षर कापलं जातं आणि एरर १९ येतो, असं उपकरणच नाही. 'ईथ०' वर हे कधीच सापडत नाही.

---

पंचगंगाकाठ

अबोलीताई, मनापासून आभार. आमच्या कोडमध्ये एकच आयएफरेक शेवटपर्यंत वापरलंय. फ्लॅग शेवटी वाचत होतो म्हणून वाचलो. क्रम हलवताना नक्की अडकलो असतो.

---

उत्तररात्र

श्टुटगार्टहून लिहितोय, म्हणून उशीर. गाड्यांमधल्या लिनक्सवर काम करतो, तिथे ही आयऑक्टलं नव्या कोडमध्ये आम्ही घेत नाही, नेटलिंक (कर्नलला सॉकेटवरून निरोप द्यायची रीत) घेतो. त्यामागचं कारण या धाग्यात आपोआपच आलंय: पत्ता आणि मास्क दोन वेगळ्या विनंत्यांत गेले की मधे एक क्षण तरी चुकीचा मास्क बसलेला असतो.

नेटलिंकमध्ये पत्ता, बिटांची संख्या आणि इंटरफेसचा क्रमांक एकाच निरोपात जातात. एकतर सगळं बसतं, नाहीतर काहीच नाही. लोक घाबरतात, कारण निरोप बाइट-बाइट रचावा लागतो. एकदा कागदावर मांडून पाहा, भीती जाते.

सुरुवातीला १६ बाइटांचं डोकं: एकूण लांबी, प्रकार, फ्लॅग, अनुक्रमांक, पाठवणाऱ्याचा क्रमांक. प्रकार २०, म्हणजे नवा पत्ता. मग ८ बाइटांचं पत्त्याचं डोकं: कुटुंब २, बिट २४, फ्लॅग, व्याप्ती, आणि चार बाइटांत इंटरफेसचा क्रमांक. इथे नाव चालत नाही, नावावरून क्रमांक काढून घ्यावा लागतो, म्हणजे ताईंचा पंधरा अक्षरांचा प्रश्न तिथेच उघडा पडतो. मग गुणधर्म. प्रत्येकाला ४ बाइटांचं डोकं आणि आयपी४ च्या पत्त्याचे ४ बाइट. 'लोकल' एक, 'ॲड्रेस' एक. १६ + ८ + ८ + ८, झाले ४० बाइट.

'लोकल' आणि 'ॲड्रेस' दोन का? टोक-ते-टोक जोडणीत 'लोकल' म्हणजे आपला पत्ता आणि 'ॲड्रेस' म्हणजे समोरच्याचा. साध्या इथरनेटवर दोन्हीत तेच भरा. 'लोकल' वगळलात तर कर्नल २२ देतो.

पोच मागायचा फ्लॅग लावा. मग ३६ बाइटांचं उत्तर येतं. त्याचा प्रकार 'एरर' असतो, दचकू नका. आतला आकडा शून्य असेल तर काम झालं. पोच वाचली नाही तर मास्कची रिटर्न व्हॅल्यू न तपासण्यासारखंच होईल.

पण एक सावधगिरी, पंचगंगाकाठ, खास तुमच्यासाठी. जुनं आयऑक्टल पत्ता बदलतं, नेटलिंक पत्ता वाढवतं. १०.२०.३०.४० आठ बिटांनी आधीच बसलेला असेल आणि तुम्ही नेटलिंकने तोच पत्ता २४ बिटांनी पाठवला, तर 'आधीच आहे' असा एरर १७ येणार नाही, कारण मास्क वेगळा म्हणजे नोंद वेगळी. दोन्ही बसतील. आठ बिटांचा रूट राहील आणि सर्व्हरला पोचायचं दुखणं जसंच्या तसं राहील. म्हणून आधी बसलेले पत्ते वाचा, नको ते प्रकार २१ ने काढा, मग नवा घाला.

---

सातारी

माझा स्विच चुकला, पण या धाग्यातून खूप शिकलो. एक भर घालतो.

बिघडलेली पेटी काढून त्याच पत्त्याची नवी लावली की शेजारच्या यंत्रांच्या एआरपी तक्त्यात जुन्या पेटीचा मॅक पत्ता राहिलेला असतो. पेटी स्वतः पाकिटं पाठवत असेल तर तिच्या पहिल्या हाळीतून समोरच्याला नवा मॅक कळतो. पण मोडबस टीसीपीसारखं नुसतं ऐकत बसणारं यंत्र असेल तर ते गप्प राहतं आणि समोरचा जुन्याच मॅकला पाठवत राहतो. सिस्कोच्या आयओएसवर ती नोंद मुळात १४,४०० सेकंद टिकते, म्हणजे चार तास. पत्ता बसवला म्हणून लिनक्स आपण होऊन घोषणा करत नाही. प्रोग्रॅममधून एक एआरपी घोषणा पाठवा, किंवा आरपिंग या एआरपी पाठवणाऱ्या कमांडला मोठं यू देऊन पाठवा.

आणि बसवण्यापूर्वी तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही ना हेही विचारून घ्या, आरपिंगला मोठं डी. ही रीत २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये नीट लिहिली आहे. आयपी६ मध्ये कर्नल स्वतः विचारतो, आयपी४ मध्ये नाही.

---

अबोली

सातारींच्या शेवटच्या वाक्याला जोडून. आयपी६ मध्ये कर्नल विचारतो तेव्हा पत्ता काही काळ 'तात्पुरता' असतो. तेवढ्यात तुमच्या प्रोग्रॅमने त्या पत्त्यावर बाइंड केलं तर एरर ९९ येतो. पत्ता आयपी कमांडमध्ये दिसत असतो आणि बाइंड होत नाही, माणूस चक्रावतो. सेकंद-दोन सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करा, किंवा नेटलिंकवर कान ठेवून तात्पुरतेपणाचा फ्लॅग उतरल्याची खबर घ्या.

---

नवशिका२२

मला हे सगळं घरी करून बघायचंय, पण लॅपटॉपचं नेट बंद पडेल आणि बाबांचं ऑफिसचं काम त्याच वायफायवर असतं, ही भीती वाटते.

---

उत्तररात्र

नवशिका, तुझ्या लॅपटॉपच्या खऱ्या इंटरफेसला हातच लावू नकोस. अनशेअर नावाची कमांड आहे. तिला आर आणि एन हे दोन पर्याय दिले की नेटवर्कची एक कोरी खोली मिळते आणि त्या खोलीत तू रूट असतोस, पासवर्डशिवाय, कर्नलने तशी परवानगी ठेवली असेल तर. आत फक्त बंद असलेला लूपबॅक दिसेल. तिथे आयपी कमांडने डमी प्रकारचा इंटरफेस तयार कर आणि त्यावर तुझा प्रोग्रॅम चालव. खोलीतून बाहेर पडलास की सगळं पुसलं जातं.

पंचगंगाकाठ यांचा दोष तिथे दहा ओळींत दिसेल. १९२.१६८.१.५० दे, २४ दिसतील. १०.२०.३०.४० दे, ८ दिसतील. १७२.१६.०.५ दे, १६ दिसतील. दुसऱ्या टर्मिनलमधून एनएसएंटरने त्याच खोलीत शिरून आयपी मॉनिटर लावून ठेव, कर्नल काय काढतो आणि काय घालतो ते ओळीओळीने समोर येईल.

खऱ्या मशीनवर चालवायची वेळ आली तर रूटचे सगळे अधिकार घेऊ नकोस. 'कॅप नेट ॲडमिन' एवढा एकच अधिकार पुरतो. तो नसेल तर एरर १.

---

जुनी_तार

उत्तररात्र यांचं नेटलिंकचं म्हणणं मला पटतं, नवीन लिहायचं असेल तर तेच लिहा. पण ज्या पेट्या बाहेर गेल्या आहेत त्यांच्यासाठी आज रात्रीत होणारी दुरुस्ती सांगतो, कारण केंद्रचालकाला पुढच्या व्हर्जनची वाट पाहायला लावणं बरं नाही.

इंटरफेस खाली ठेवा. पत्ता बसवा. मग मास्क बसवा. दोन्ही झाले की फ्लॅग वाचा, 'अप' घाला, परत लिहा. इंटरफेस खाली असेपर्यंत जाळ्याचा रूट तयारच होत नाही, त्यामुळे मधल्या क्षणी बसलेले ८ बिट कोणालाही बाधत नाहीत. आयएफकॉन्फिग पत्ता दिला की आपण होऊन इंटरफेस वर घेतं, आयऑक्टल घेत नाही, हे इथे तुमच्या पथ्यावर पडतं.

चालू इंटरफेसवर मास्क बदलाल तर सांभाळून. मास्क बदलताना कर्नल पत्ता काढतो आणि नव्या मास्कने पुन्हा घालतो. तो त्या इंटरफेसवरचा एकुलता एक पत्ता असेल तर काढताक्षणी त्या इंटरफेसचे सगळे रूट पुसले जातात, डीफॉल्ट रूटसकट. पत्ता परत येतो, डीफॉल्ट रूट येत नाही. एसएसएचने दुरून हे केलंत तर तुमचं सत्र तिथेच गोठेल आणि पुन्हा सत्तर किलोमीटर. म्हणून रूट नेहमी सर्वांत शेवटी.

आणि कळकळीने सांगतो, लिहिलेलं वाचून बघा. विनंती ८९१५ ने पत्ता आणि ८९१बी ने मास्क परत वाचा, ईईप्रॉममधल्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर पेटीवरचा तांबडा दिवा लावा. बसवणारी विनंती यशस्वी झाली म्हणजे कर्नलने तुम्ही *मागितलेलं* केलं. तुम्हाला जे *हवं होतं* ते झालं का, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

---

पंचगंगाकाठ

मंडळी, काल रात्री अडीचपर्यंत बसलो.

क्रम बदलला: खाली, पत्ता, मास्क, वर, रूट. प्रत्येक विनंतीला वेगळं आयएफरेक, प्रत्येक रिटर्न व्हॅल्यू तपासून लॉगमध्ये. परत वाचून ताडणं घातलं, तांबडा दिवाही जोडला. कारखान्यातल्या टेबलाचा पत्ता आजपासून १०.२०.३०.४० केलाय आणि मधे एक राउटर ठेवून सर्व्हर पलीकडच्या जाळ्यात टाकलाय, म्हणजे टेबल आणि केंद्र सारखंच. जुना प्रोग्रॅम त्या टेबलावर घातला तर पहिल्याच बूटला ११३ आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती चूक माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या टेबलावर झाली.

चार केंद्रांच्या राउटरबद्दल संघाच्या नेटवर्कवाल्यांना विचारलं. चारही ठिकाणी प्रॉक्सी एआरपी चालू, बाकी नऊ ठिकाणी बंद. तिथेही नवा प्रोग्रॅम टाकणार आहे, उद्या कोणी ते बंद केलं तर पेट्या आडव्या पडायला नकोत.

पहिली दुरुस्त पेटी दुपारी केंद्रावर बसवून आलो. आत्ता सव्वासातला केंद्रचालकांचा फोन आला. संध्याकाळचं संकलन चालू असताना लाइट गेली होती, वीस मिनिटांनी आली. दिवा हिरवा आहे, मोबाइलवर तापमान दिसतंय, ४.२ अंश. कोणाला पाठवायची गरज आहे का, असं विचारत होते. नाही म्हटलं.

तार सर, अबोलीताई, उत्तररात्र, सातारी, आणि नवशिका तुझेही आभार. उरलेल्या बारा पेट्या या आठवड्यात करतो. नेटलिंकचं सुरू केलंय, चाळीस बाइट कागदावर मांडून झालेत.